पूर्वस्थिती

धनश्रीला समोरचा पाण्याचा पेला उचलून भिंतीवरच्या पडद्यावर मारायचा होता. पण तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि डाव्या तळहाताला फोडांमुळं पट्टी बांधलेली होती. म्हणून तिनं नुसतं विचारलं, "म्हणजे दोन वर्षं मी पाणी टोचून घेत होते?"

"पाणी नाही, मॅडम," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या. त्यांचं नाव शर्वाणी केंकरे. कोशव्रत बायो या कंपनीच्या त्या अधिकारी, पुण्याहून बोलत होत्या. "तुमच्याच पेशी तुम्हाला परत दिल्या होत्या. फक्त त्यांच्यात काही बदल केलेला नव्हता. तुम्ही तुलना गटात होतात."

"आणि ही?"

"उत्कर्षा मॅडम उपचार गटात."

मिरजेच्या त्या इस्पितळातल्या बैठकीच्या खोलीत धनश्रीच्या शेजारी तिची जुळी बहीण उत्कर्षा बसली होती. दोघींचं नाक, कपाळ, भुवया, सगळं एकाच साच्यातलं. फरक होता तो बसण्यात. उत्कर्षा ताठ बसली होती. धनश्री मात्र छातीच्या मधोमध कुणीतरी खिळा ठोकल्यासारखी पुढं वाकून, श्वास तोडून तोडून घेत होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर फिरोज मुजावर होते. संधिवाताचे डॉक्टर. कंपनीचा हा प्रयोग मिरजेत त्यांच्या देखरेखीखाली चालला होता. कोण कुठल्या गटात आहे हे त्यांनाही आजच कळत होतं.

"असं ठरलं होतं," ते म्हणाले, "की प्रयोग पूर्ण झाला की तुलना गटातल्या सगळ्यांना खऱ्या पेशी मिळतील."

"पूर्ण झाला की, बरोबर. पण आम्ही प्रयोग पूर्ण करत नाही आहोत, थांबवतो आहोत. करारात दोन्हींसाठी वेगळी कलमं आहेत." केंकरेंचा आवाज मऊ होता. "या आजाराचे रुग्णच इतके थोडे आहेत की उत्पादन करणं कंपनीला परवडणार नाही."

"उपचार लागू पडला नाही का?" उत्कर्षानं विचारलं.

"उलट, फार चांगला लागू पडला. त्याबद्दल आम्ही तुम्हा सर्वांचे मनापासून आभारी आहोत. उपचार गटाच्या गोळ्या या महिन्यापासून बंद होतील."

धनश्री उठली. खुर्ची मागं सरकवताना तिच्या तोंडून जी शिवी निघाली, ती एसटीच्या डेपोत रोज ऐकू येणारी होती. केंकरेंनी ती ऐकली आणि पडदा काळा झाला.

आजाराचं नाव सॅफो. पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून केलेलं हे नाव. ऐकायला कुणा मुलीचं वाटावं असं. सांध्यांचं अस्तर सुजतं, पाठीवर आणि चेहऱ्यावर पुटकुळ्या उठतात, तळहात-तळपायांवर पू भरलेल्या फोडांचे थर येतात, हाड जाड होत जातं आणि आतून जळत राहतं. गळपट्टीचं हाड छातीच्या फळीला जिथं जुळतं तिथं तर कायमचा निखारा. जंतू कुठंच सापडत नाहीत, कारण जंतू नसतातच. शरीराची संरक्षण यंत्रणा शत्रू आला अशी हाकाटी करते, रक्तातून तसे निरोप धाडते, आणि निरोप मिळालेल्या पेशी हाडावर आणि कातडीवर तुटून पडतात.

दोघींना हा आजार पंचविशीत झाला, वर्षाच्या आगेमागे. उत्कर्षा कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. सांकेतिक भाषेत बोलताना तिचे तळहात सतत मुलांच्या डोळ्यांसमोर असत. एका मुलीनं खुणेनं विचारलं होतं, बाई, तुमचे हात का रडतात? धनश्री एसटीची चालक होती. सपाट रस्त्यावरच्या बसगाड्या आता स्वतःच्या स्वतः धावत, पण आंबा घाटातून रत्नागिरीला उतरायला अजून माणूस लागायचा आणि त्या मोजक्या माणसांत ती होती. स्टिअरिंग फिरवताना छातीत कळ येऊन एका वळणावर गाडी कठड्याला घासली. त्यानंतर तिची नेमणूक डेपोच्या खिडकीत झाली. तिच्या नवऱ्याच्या घरी तिचं ताट वेगळं ठेवायला लागले होते, या आजाराची लागण होत नाही असं डॉक्टरांनी दोनदा सांगूनसुद्धा. एके दिवशी तिनं स्वतःच ते ताट उचललं आणि बहिणीकडं राहायला आली.

जुनी औषधं होती. हाड टिकवणारी, निरोप अडवणारी. कुणाला पुरायची, कुणाला नाही. या दोघींना नाही. मग कोशव्रत आली.

कंपनीची कल्पना साधी आणि सुंदर होती, हे धनश्रीही कबूल करायची. आपल्या रक्तात काही पेशी असतात त्यांचं काम भांडण सोडवण्याचं. त्यांना शामक पेशी म्हणू. रुग्णाच्या शामक पेशी रक्तातून वेगळ्या काढायच्या आणि त्यांत दोन नवी जनुकं घालायची. पहिल्या जनुकामुळं पेशी हाडाच्या मगजात, म्हणजे मज्जेत, जाऊन राहते आणि खोटा निरोप आला की तो तिथंच गिळून टाकते. दुसरं जनुक म्हणजे कुलूप. रुग्णानं ठरलेली गोळी घेतली तरच पेशी जगते. गोळी बंद झाली की हे जनुक जागं होतं आणि पेशीला आतून मारून टाकतं. जिवंत औषध शरीरात सोडलं की परत काढता येत नाही, म्हणून ही खबरदारी.

एकाच बीजातून झालेल्या जुळ्या बहिणी, दोघींना तोच दुर्मीळ आजार. कंपनीला आणखी काय हवं होतं? एकीला औषध, एकीला नुसती सुई. जो फरक पडेल तो औषधाचाच. कुणाला काय मिळतंय ते शेवटपर्यंत कळणार नाही, हे मान्य असल्याचं दोघींनी लिहूनही दिलं होतं. उत्कर्षा तीन महिन्यांत बरी झाली. तिची कातडी स्वच्छ झाली, छातीतला निखारा विझला. धनश्री वाट बघत राहिली. हिला गुण आला म्हणजे मलाही येईल, माझं शरीर जरा हट्टी आहे, असं ती शेजारणींना सांगायची.

गोळ्या थांबल्या. उत्कर्षानं शाळेत पर्यायी शिक्षिका बघायला सांगितलं, जुनी मलमं काढून ठेवली आणि दुखण्याची वाट बघू लागली. महिना गेला, दुसरा गेला. दुखणं आलं नाही.

तिनं हे धनश्रीला सांगितलं नाही. सकाळी उठताना ती मुद्दाम सावकाश उठायची. जिन्यावर कठडा धरायची. बऱ्या असण्याची तिला लाज वाटत होती.

एका रविवारी धनश्री झोपली आहे असं समजून तिनं स्वयंपाकघराच्या माळ्यावरचा पितळी डबा एका हातानं खाली काढला. वळली तर दारात धनश्री.

"दुखत नाही तुझं."

"धनू…"

"दुखत नाही. कधीपासून नाटक करालीस?"

"नाटक नाही गं. मला वाटलं आज ना उद्या येईलच. तुला कसं सांगू?"

"तोंडानं सांगायचं! मी काय शाळेतलं पोर आहे का, मला खुणा कराव्या लागतात?" धनश्रीनं ओट्यावरची थाळी हातानं ढकलली. ती खाली आदळली आणि त्या एवढ्याशा धक्क्यानंच धनश्री छाती धरून खाली बसली. उत्कर्षा तिच्याजवळ गेली, तर तिनं हात झिडकारला. "हात लावू नकोस. जा. तुझं रक्त तपासून घे. निदान कळू दे तरी, माझ्या वाट्याचं नशीब कुठं जाऊन बसलंय."

डॉक्टर मुजावरांनी रक्त तपासलं, मग मगजाचा नमुना घेतला, मग तो पुन्हा तपासला. दोघींना समोर बसवून त्यांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या बोलण्यात आनंदही होता आणि काळजीही.

"तुमच्यातल्या पेशी मेल्या नाहीत. म्हणजे बहुतेक मेल्या. पण लाखो पेशींमधल्या कुठल्यातरी एकीत कुलपाचं जनुक आपोआप मोडलेलं होतं. विभाजन होताना अशा चुका होतात. गोळ्या चालू असताना तिला काही किंमत नव्हती, ती गर्दीतली एक. गोळ्या बंद झाल्या, बाकीच्या मेल्या, जागा रिकामी झाली. मग तिची पिल्लं वाढली. आता तुमच्या मगजात सगळी तिचीच वस्ती आहे. तिला गोळी लागत नाही."

"म्हणजे कंपनीनं गोळ्या बंद केल्या म्हणून…"

"म्हणून हे झालं, हो. त्यांनीच निवड करून दिली."

धनश्री हसली. किती दिवसांनी. "बरं झालं."

"पूर्ण ऐका. कुलूप उगाच नसतं. या पेशी उद्या गरजेपेक्षा जास्त वाढल्या तर खरा शत्रू आला तरी शरीर गप्प बसेल. क्षय, नागीण, न्यूमोनिया, काहीही होऊ शकतं. होईलच असं नाही. पण मला हे कंपनीला कळवावं लागेल. लपवलं तर उद्या तुमच्या बाजूनं बोलायला मी उरणार नाही."

कळवल्यावर चार दिवसांत शर्वाणी केंकरे स्वतः मिरजेला आल्या. सोबत थंड पेटी होती. तिच्यात एक इंजेक्शन, बदललेल्या पेशींना हुडकून मारणारं.

"याला आम्ही निर्मूलन म्हणतो," त्या म्हणाल्या. "उत्कर्षा मॅडम, तुमच्या शरीरात आमचं एक उत्पादन नियंत्रणाबाहेर गेलं आहे. तुमच्याच सुरक्षिततेसाठी…"

"मला काही झालेलं नाही."

"अजून नाही."

धनश्रीनं टेबलावर कोपर टेकवलं. "मला एक सांगा. हे इंजेक्शन उद्याही मिळेल ना? पुढच्या वर्षीही? हिला काही त्रास झाला तर तेव्हा देता येईल?"

"तत्त्वतः, हो."

"म्हणजे ब्रेक आहे. मग गाडी डेपोतच मोडून टाकायची घाई कशाला? चालू द्या, बघत राहा, घाटात काही वाटलं तर दाबा ब्रेक."

डॉक्टर मुजावरांनी खिडकीकडं बोट केलं. चौकातल्या मोठ्या पडद्यावर एका नटीचा चेहरा होता आणि खाली अक्षरं: नवकांती. डाग पुन्हा कधीच नाही. दिवाळीपासून.

"त्याच पेशी आहेत ना?" ते म्हणाले. "माझ्या रुग्णांवर तपासलेल्या. मगजाऐवजी चेहऱ्याच्या कातडीत जाऊन राहणाऱ्या. आणि गोळी घेतली तरच टिकणाऱ्या, म्हणजे गिऱ्हाईक जन्मभर बांधलेलं. कुलूप मोडतं ही बातमी दिवाळीआधी बाहेर पडली तर तुमचं कसं व्हायचं?"

"डॉक्टर, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"मी रागात बोलतोय," डॉक्टर म्हणाले. "त्यात फरक आहे."

उत्कर्षानं इंजेक्शन घेतलं नाही. केंकरे जाताना सांगून गेल्या, की जिवंत औषधांच्या कायद्याखाली आरोग्य अधिकाऱ्यांचा आदेश आणू. आदेश येणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. करारावर उत्कर्षाची सही होती.

घरी येताना रिक्षात उत्कर्षा म्हणाली, "माझ्यातल्या मारायच्या आत तू घे."

धनश्रीला क्षणभर कळलं नाही.

"आपलं रक्त एक आहे. तुझं शरीर त्यांना परकं समजणार नाही. डॉक्टर यंत्रातून माझ्या पेशी वेगळ्या करून तुला देऊ शकतील. मी विचारलंय त्यांना."

"आणि तू?"

"माझ्या मारतील."

"म्हणजे मी बरी, तू आजारी. नुसती अदलाबदल. दोन वर्षं तुझ्याकडं बघून जळत बसले, आता तू माझ्याकडं बघून जळ. नको मला."

तेव्हा उत्कर्षाचा तोल गेला. ती कधी आवाज चढवायची नाही. रिक्षावाल्यानं आरशातून मागं पाहिलं. "किती दिवस मी तुझे केस विंचरू? किती दिवस तुझ्या ब्लाउजचे हूक लावू आणि तुझ्या शिव्या खाऊ? तुला वाटतं तूच रागावलीयस? सुई माझ्या दंडात आली यात माझा काय गुन्हा? माझ्याकडं देण्यासारखं काही आहे, ते महिन्याभरात मारून टाकणार आहेत, आणि तू मानापमान करतेस! घे गं बाई, घे, आणि मग काय भांडायचं ते दोन हातांनी भांड."

धनश्री घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली. उतरताना म्हणाली, "विचार डॉक्टरांना, कधी यायचं."

डॉक्टर मुजावरांनी हे काम चोरून केलं नाही. भर दुपारी, स्वतःच्या दवाखान्यात, कॅमेरा लावून केलं. आधी कॅमेऱ्यात बघून आपलं नाव, नोंदणी क्रमांक आणि आपण काय करतो आहोत हे सांगितलं. धोका समजावला, धनश्रीचा होकार घेतला. एका खाटेवर उत्कर्षा, एका खाटेवर धनश्री, मध्ये यंत्र. एकीचं रक्त यंत्रात जायचं, हव्या त्या पेशी बाजूला निघायच्या, उरलेलं तिचं तिला परत. संध्याकाळपर्यंत मूठभर पिशवीत मावेल एवढा दुधट द्रव धनश्रीच्या शिरेत गेला. पुढं यासाठी डॉक्टरांचा परवाना सहा महिने रोखला गेला. ते म्हणाले, सहा महिने म्हणजे फार नाही, मला वाटलं होतं वर्षभर घालवतील.

आदेश आला. उत्कर्षा स्वतःच्या पायांनी इस्पितळात गेली आणि इंजेक्शन घेऊन आली. गणपतीच्या सुमाराला तिच्या तळव्यांवर पहिले फोड उठले. शाळेच्या कार्यक्रमात मुलांना गाणं खुणांनी सांगताना छातीत कळ आली आणि ती मधेच थांबली. मुलांना वाटलं, गाणं तिथंच संपतं. त्यांनी टाळ्यांच्या खुणेसाठी हात वर करून हलवले.

त्याच दिवसांत धनश्री सुधारत होती. आधी झोप लागायला लागली. मग पट्टी सुटली. मध्येच कमरेला नागीण उठली तेव्हा डॉक्टर मुजावर रोज येऊन बघून जात. परवाना नव्हता, म्हणून गोळ्या दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या. नागीण बरी झाली. निखारा परत आला नाही.

कंपनीनं तिलाही नोटीस धाडली. पण तिनं या पेशींसाठी कुठंच सही केलेली नव्हती. तिला कंपनीकडून काही मिळालं नव्हतं, बहिणीकडून रक्त मिळालं होतं, आणि कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात बहीण आलीच नव्हती. दोघी बहिणींच्या वकीलबाईंनी त्यावर स्थगिती मिळवली.

"चल," स्थगितीच्या दिवशीच धनश्री म्हणाली. "आता माझ्यातल्या परत घे. यंत्र आहे, डॉक्टरांचा भाचाही डॉक्टरच आहे, तो करेल. उद्याच जाऊ."

"सुनावणीनंतर."

तुलना गटातल्या सगळ्यांनी मिळून राज्याच्या आरोग्य लवादाकडं अर्ज केला होता. कुणी नांदेडचे, कुणी वर्ध्याचे. अकोल्याच्या विमल इंगळे त्यांत होत्या, अंगणवाडीत मुलांना शिकवणाऱ्या. त्यांच्या मणक्याला सॅफोनं धरलं होतं. यांतल्या कुणालाही जुळं भावंड नव्हतं.

"सुनावणीला महिना आहे अजून!"

"असू दे. मी बरी होऊन तिथं उभी राहिले तर ते म्हणतील, बघा, यांनी आपापलं भागवलं. विमलताईंना कोण विचारेल मग?"

"तू मूर्ख आहेस. तुझं हाड सडतंय आणि तू पुरावा म्हणून जपून ठेवतेस?"

"हो."

धनश्री त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं उत्कर्षाचे केस विंचरले, जरा जास्तच जोरात.

सुनावणी मुंबईत झाली. धनश्रीनं गाडी चालवत बहिणीला नेलं, कारण बसचे हादरे तिला सोसत नव्हते. विमलताई पडद्यावर होत्या. सुनावणीच्या दोन आठवडे आधी त्यांचा एक मणका दबला होता आणि त्या पाठीला पट्टा बांधून पलंगावरून ऐकत होत्या.

कंपनीचे वकील नीट बोलले. आरडाओरडा नाही, अपमान नाही. "माननीय सदस्यांनी लक्षात घ्यावं," ते म्हणाले, "की कंपनीनं या रुग्णांचं कोणतंही नुकसान केलेलं नाही. आजार कंपनीनं दिलेला नाही. प्रयोगाआधी त्या जशा होत्या तशाच आज आहेत. त्या केवळ पूर्वस्थितीला आल्या आहेत."

उत्कर्षाला बोलायला सांगितलं. तिनं उभं राहायचा प्रयत्न केला, मग बसूनच बोलली. दोन्ही तळहात तिनं सदस्यांसमोर टेबलावर उघडे ठेवले. लपवायची तिची सवय होती, त्या दिवशी तिनं ती मोडली.

"मी मुलांना भाषा शिकवते," ती म्हणाली, "त्यामुळं शब्द चुकीचा असला की मला कळतं. पूर्वस्थितीला आम्ही आलेलो नाही. पूर्वी आम्हाला माहीत नव्हतं की हे बरं होतं. दुखतंय, तर दुखतंय, असा आमचा जन्म असं म्हणून आम्ही जगत होतो. आता माहीत आहे. मी दोन वर्षं बरी होते. फळ्यावर वरपर्यंत हात पोचायचा माझा. औषध आहे, ते तयार करता येतं, त्याच कारखान्यात त्याच पेशी आज गालावर टोचण्यासाठी तयार होतात. आणि हे माहीत असून विमलताई पलंगावर पडून आहेत. ही कुठली पूर्वस्थिती? आमच्या हाडांवर शिकलात. शिकून झाल्यावर आम्हाला म्हणता, तुम्ही फार थोड्या आहात. थोड्या होतो हे आम्हाला बोलावलंत तेव्हाही ठाऊक होतं तुम्हाला. तेव्हा चाललो ना आम्ही?"

वकिलांनी काहीतरी हरकत घेतली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "त्यांना पूर्ण करू द्या."

"झालं माझं," उत्कर्षा म्हणाली. तिच्या हातून टेबलावरच्या कागदावर ओला डाग उमटला होता. तो कुणी पुसला नाही.

निकाल अर्धा लागला. बहिणींनी एकमेकींना दिलेल्या रक्ताशी कंपनीचा संबंध नाही, असं लवादानं म्हटलं. दुसऱ्याच दिवशी धनश्रीनं उत्कर्षाला खाटेवर झोपवलं आणि यंत्र चालू झालं तेव्हा तिचा पाय धरून बसली, म्हणजे आता पळून जाणार नाहीस, असं म्हणत. थंडी सरेपर्यंत उत्कर्षा शाळेत परतली. बाकीच्यांसाठी कंपनीनं पेशी तयार करण्याची पूर्ण कृती सरकारी प्रयोगशाळेला द्यावी, असा आदेश झाला. कंपनी अपिलात गेली. कृती देऊ, म्हणाली, पण प्रयोगशाळेची तयारी, तपासण्या, परवानग्या… वर्ष लागेल, कदाचित दोन. नवकांती मात्र दिवाळीत ठरल्याप्रमाणं बाजारात आली होती.

विमलताईंचा फोन आला. "दोन वर्षं म्हणतायत हो," त्या म्हणाल्या. "थांबते. दुसरं काय करणार?"

"थांबू नका," धनश्री म्हणाली. ती डेपोत होती, नुकतीच घाटातून गाडी घेऊन वर आलेली. "ताई, तुम्ही थांबलात की ते झोपतात. मी सांगते काय करायचं."

डेपोत ड्युट्या लागतात तसं तिनं सगळ्यांचं वेळापत्रक लावलं. नांदेडच्यांनी सकाळी फोन करायचा, वर्ध्याच्यांनी दुपारी. कोशव्रतच्या कार्यालयात त्यांचे फोन कुणी उचलत नसे, पण नवकांतीच्या ग्राहक सेवेचा एक क्रमांक होता. तो सदैव चालू. तिथं यंत्र नव्हे, खरी माणसं बोलत, कारण ग्राहक मोठ्या घरांतले होते. पहिला फोन विमलताईंनी करायचा असं ठरलं. धनश्री आणि उत्कर्षा दुसऱ्या टोकाला जोडून ऐकत होत्या.

"नवकांतीमध्ये आपलं स्वागत आहे," एका तरुण मुलीचा गोड आवाज आला. "आपल्या त्वचेबद्दल काय तक्रार आहे, मॅडम?"

विमलताईंनी पलंगावर पाठीचा पट्टा जरा सैल केला. त्याचा आवाज फोनवर ऐकू आला.

"त्वचेपासून सुरू करते, बाळ," त्या म्हणाल्या. "हाडापर्यंत यायला वेळ लागेल. फोन ठेवू नकोस."